‘शक्य तितकी’ या दोन शब्दांबद्दल : ग्रेट निकोबारच्या घुबडासाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच तज्ज्ञ मूल्यांकन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : ग्रेट निकोबार प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीतील घुबडांविषयीची अट

महोदय,

ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नवे नगर उभारण्याच्या प्रकल्पाला आपल्या मंत्रालयाने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिलेली पर्यावरण मंजुरी मी अलीकडेच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचून काढली. वर्तमानपत्रांतून तिच्याबद्दल पुष्कळ वाचले होते, पण मूळ कागद समोर घेतल्यावर मी ज्या अटीपाशी थबकले, तिची चर्चा फारशी कानावर आलेली नव्हती. प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या बेटांखेरीज जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या घुबडांच्या घरट्यांच्या ढोल्या ज्या झाडांना आहेत, ती झाडे ‘सॅकॉन’ या पक्षिशास्त्र संस्थेच्या मदतीने शोधावीत, त्यांचे जिओ-टॅगिंग करावे, म्हणजे त्यांची नेमकी जागा नकाशावर नोंदवावी, आणि अशी झाडे शक्य तितकी सुरक्षित ठेवावीत, अशी ती अट आहे. शेकडो पानांच्या व्यवहारात एका लहानशा पक्ष्याची कोणी आठवण ठेवली याबद्दल क्षणभर बरे वाटले. मग ‘शक्य तितकी’ हे दोन शब्द पुन्हा वाचले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याला हे लिहिण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. मात्र माझे बालपण त्या बेटावर गेले आहे. १९६९ पासून पुढची काही वर्षे सरकारने पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू अशा राज्यांतल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांना ग्रेट निकोबारवर वसवले, त्यांत सातारा जिल्ह्यातले माझे वडीलही होते. पोर्ट ब्लेअरहून जहाजाने दोन रात्री काढून आई-वडील कॅम्पबेल बेच्या धक्क्यावर उतरले. त्याच प्रवासात आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. आमची वस्ती तिथून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर, शास्त्रीनगरला होती. पुढे तीन-तीन महिने बोट न येण्याची, मीठ-साखर उसनी मागण्याची, मलेरियाची सगळी वर्षे त्या दोघांनी तिथेच काढली. मला बाराव्या वर्षी शिक्षणासाठी आत्याकडे साताऱ्याला पाठवले. २००४ च्या सुनामीनंतर वडीलही परत आले, कारण जिथे आमची नारळाची रांग होती तिथे आता समुद्र होता.

घराच्या मागे, शेत संपून रान सुरू होते तिथे एक जुने झाड होते. आमचे एक शेजारी मूळचे रत्नागिरीकडचे, ते त्याला उंडी म्हणत, म्हणून आम्हीही उंडीच म्हणू लागलो. त्याची एक जाड फांदी कधीतरी वादळात मोडली होती आणि मोडल्या जागी लाकूड कुजून खोल ढोली झाली होती. मी नऊ वर्षांची असेन. संध्याकाळी वडिलांनी मला खांद्यावर घेतले, हातातली बॅटरी मुठीने अर्धी झाकली आणि म्हणाले, “बोलू नकोस, नुसतं बघ.” ढोलीच्या तोंडाशी वीतभर उंचीचा, काथ्याच्या रंगाचा एक पक्षी बसला होता. अंगभर बारीक आडव्या रेघा, डोक्यावर कानांसारखी दोन लहान पिसे, डोळे अर्धे मिटलेले. लाकडाचाच तुकडा वाटावा इतका निश्चल. आम्ही पाहत असतानाच तो किंचित आत सरकला आणि ढोलीत काळोखाशिवाय काही उरले नाही. रात्री तिकडून एकच लांबट हुंकार यायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तोच. आईच्या माहेरी पिंगळा बोलला की काय सांगतो आहे ते कान देऊन ऐकायची रीत होती. तिने या पक्ष्यालाही पिंगळाच म्हटले आणि तो बोलला की ती हातातले काम थांबवायची.

तो पक्षी नेमका कोणत्या जातीचा होता याचा दावा मी आज करत नाही, कारण तेव्हा तो दावा जगात कोणालाही करता आला नसता. ज्या घुबडाबद्दल मी लिहीत आहे त्याला त्या वेळी नावच नव्हते.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी १९६६ मध्ये आणि पुन्हा १९७७ मध्ये कॅम्पबेल बे इथे घुबडाचा एकेक नमुना मिळवला. ते दोन्ही नमुने मुंबईच्या संग्रहात, दुसऱ्याच एका जातीचे म्हणून ठेवलेले होते. पहिला नमुना मिळाल्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ते बारकाईने तपासले आणि हे घुबड अगदी वेगळे असल्याचे दाखवून दिले. त्यांनी त्याचे नाव ठेवले ओटस एलिअस. एलिअस म्हणजे लॅटिनमध्ये ‘दुसरा’, ‘निराळा’. इंग्रजीत त्याला निकोबार स्कॉप्स घुबड म्हणतात. लांबी जेमतेम वीस सेंटिमीटर, नमुन्यांच्या पोटात सापडलेले खाद्य म्हणजे कोळी, भुंगा आणि पाल, आणि दोन्ही नमुने समुद्रसपाटीजवळच्या किनारी रानातले. त्यानंतरच्या मोजक्या नोंदी आणि छायाचित्रे सोडली, तर या पक्ष्याबद्दलचे जगाचे ज्ञान अजूनही बहुतांशी या दोन वाळवलेल्या कातड्यांवर उभे आहे. ती कातडी मुंबईत आहेत, म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे प्रकरण लांबच्या कोणत्या तरी बेटाचे समजू नये, अशी माझी विनंती आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी पाहायचे, मोजायचे, समजून घ्यायचे आणि मग परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचे, हा साधा क्रम आहे. घर बांधणारा गवंडीसुद्धा आधी जमीन खणून पाहतो. इथे मात्र आधी जानेवारी २०२१ मध्ये, जिथे बंदर व्हायचे आहे त्या गॅलेथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला, मग २७ ऑक्टोबर २०२२ रोजी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करण्यास, म्हणजे जंगलाची जमीन प्रकल्पासाठी देण्यास, पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळाली, त्यानंतर पंधरा दिवसांत पर्यावरण मंजुरी आली, आणि घुबडाची झाडे शोधण्याचे काम मंजुरीनंतर पाळायची अट म्हणून तिच्यात घालण्यात आले. ज्या माहितीवर निर्णय उभा राहायला हवा होता, ती माहिती निर्णयानंतर गोळा करण्याचा हा आदेश आहे. समजा शोधाअंती असे आढळले की या घुबडाच्या ढोल्या सर्वाधिक त्याच सखल पट्ट्यात आहेत जिथे नगर वसवायचे आहे. तर पुढे काय करायचे? मंजुरीपत्रात मला याचे उत्तर सापडले नाही, कारण हा प्रश्न विचारायची वेळ येण्याआधीच उत्तर दिले गेले होते.

क्रम चुकला की काय होते आणि नशिबाने रान वाचले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. रानपिंगळा हे मध्य भारतातले छोटे घुबड. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मधले. खानदेशातून मिळालेल्या नमुन्यांनंतर, १८८४ पासून, त्याची एकही खरी नोंद नव्हती. १९१४ सालचा म्हणून जो एक नमुना दाखवला जात होता तो चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ज्या बाईंनी निकोबारच्या घुबडाला नाव दिले, त्याच रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ गेल्या आणि एका सकाळी पर्णहीन झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईच्या उशाशी असलेल्या तानसा अभयारण्यात सापडला.

महोदय, यात मला दोन गोष्टी आपल्या नजरेस आणायच्या आहेत. रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरणारा पक्षी आहे, उघड्या फांदीवर बसतो, आणि त्याच्या रानात पावरा, भिल्ल, कोरकू लोकांची पिढ्यान्‌पिढ्या ये-जा आहे. तरीही तो शास्त्राला शतकभर दिसला नाही. निकोबारचे घुबड निशाचर आहे, घनदाट सदाहरित रानात राहते आणि ढोलीत बसले तर पाच हातांवरूनही लाकूडच वाटते. ते किती आहे, कुठे आहे, हे कंत्राटाच्या मुदतीत उलगडेल असे मानणे धाडसाचे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शहाद्याचे रान १९९७ पर्यंत थोडेफार शिल्लक होते म्हणूनच तिथे काही सापडले. त्या शंभर वर्षांत कोणी ‘इथे तर काहीच नोंद नाही’ असे म्हणून ते मोकळे केले असते, तर रानपिंगळा आज पुस्तकात नष्ट जात म्हणून छापलेला असता आणि ती चूक होती हे कोणाला कळलेही नसते.

दुसरी तक्रार झाडांच्या मोजणीची आहे, आणि इथे मला जरा रेंगाळावे लागेल. तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या आधी साडेआठ लाखांच्या आसपास सांगितली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ती ९ लाख ६४ हजार सांगण्यात आली. एका लाखाहून मोठा हा फरक कसा पडला ते तूर्त बाजूला ठेवू आणि दुसरी संख्या धरू. प्रत्येक झाडाची ढोली तपासायची आहे. एखाद्या पथकाने दिवसाला शंभर झाडे, एकही सुटी न घेता तपासली, तर त्याला सव्वीस वर्षे लागतील. दहा पथके लावली तरी अडीच वर्षांहून अधिक. हा माझा साधा हिशेब आहे, आणि त्यात पाऊस धरलेला नाही. त्या बेटावर वर्षातले कितीतरी महिने पाऊस असतो हे मला कोणाकडून ऐकावे लागत नाही, माझी शाळेची वही कधी कोरडी राहिलेली मला आठवत नाही.

बरे, तपासायचे म्हणजे नेमके काय? त्या रानातली मोठी झाडे पंधरा-वीस माणसे उंच जातात. ढोली खालून दिसतेच असे नाही, वेली आणि शेवाळाने झाकलेली असते. दिसली तरी तिच्यात घुबड आहे की नाही हे दिवसा समजत नाही. घुबड वर्षभर एकाच ढोलीत राहत नाही, विणीच्या हंगामात एक ढोली धरते, पुढच्या वर्षी कदाचित दुसरी. म्हणून घुबडांचा अभ्यास करणारे लोक रात्री ठरलेल्या वाटांनी फिरतात, आवाज ऐकतात, कुठून आला, किती वेळाने पुन्हा आला ते टिपतात, आणि हे सगळ्या ऋतूंत, सलग काही वर्षे करतात. तेव्हा कुठे एका जोडीला किती रान लागते याचा अंदाज बांधता येतो. मंजुरीत झाडांवर खूण करण्याचा उल्लेख आहे, पण जोडीला किती रान लागते हे शोधण्याचा नाही.

तिसरी तक्रार याच मुद्द्याला लागून आहे. ढोली असलेले झाड राखले म्हणजे घुबड राखले, या समजुतीवर ही अट बेतलेली दिसते. घुबड स्वतः ढोली कोरत नाही. झाड शंभर-दोनशे वर्षांचे व्हावे लागते, फांदी मोडावी लागते, पाणी मुरावे लागते, बुरशीने आतले लाकूड हळूहळू खावे लागते, तेव्हा ढोली तयार होते. म्हणजे आज ढोली असलेल्या झाडाइतकीच उद्या ढोली होणारी झाडेही त्याला लागतात. शिवाय ढोलीत ते फक्त राहते, खायला त्याला भोवतालचे रान लागते, ज्याच्या पाचोळ्यात भुंगे आहेत आणि ज्याच्या सालीवर पाली आहेत. आजूबाजूचे रान उतरवून मधोमध क्रमांकाची पट्टी ठोकलेले एक झाड उभे ठेवले, तर त्याच्यावर चहूबाजूंनी ऊन आणि वारा येतो, आणि पलीकडे रात्रभर बंदराचे आणि धावपट्टीचे दिवे जळत राहतात. अशी एकटी पडलेली मोठी झाडे काही वर्षांत वाऱ्याने उन्मळतात, हे आमच्या वस्तीने रान साफ करताना डोळ्यांनी पाहिले आहे.

होय, आम्हीही रान साफ केले. ही गोष्ट मी लपवणार नाही. वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारने आखून दिलेल्या जमिनीवरची झाडे तोडूनच शेती केली, आणि मी त्याच शेतातल्या भातावर वाढले. पण तीनेकशे कुटुंबांच्या त्या वस्त्या किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत होत्या, आणि त्यांच्या मागे डोंगरापर्यंत रान अखंड होते. उंडीचे ते झाड वडिलांनी तोडले नाही. त्याला कारण विचारले तर ते एवढेच म्हणायचे की ते आपल्या आधीपासून इथे आहे.

चौथी तक्रार : मंजुरी देताना सुनामीचा विचार केला गेला असला, तरी तो घुबडाच्या बाजूने केलेला मला दिसला नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात बेटाचे दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचले आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. किनाऱ्यालगतची राने लाटेत उखडली गेली, उरलेली खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या वाळली. ज्या किनारी रानातून या घुबडाचे दोन्ही नमुने मिळाले होते, तेच रान एका सकाळीत कितीतरी आकसले. सुमारे नऊशे चौरस किलोमीटरचे ते बेट, त्यात हा पक्षी आधीच एक मोठा तडाखा सोसून राहिलेला आणि उरलेले सखल रान त्याला आता दुपटीने मोलाचे झालेले. खंडावरचा पक्षी एका रानातून उठून दुसऱ्या रानात जातो. बेटावरच्या पक्ष्याच्या मागे समुद्र असतो.

पाचव्या तक्रारीला फार शब्द लागणार नाहीत. तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडे हरियाणात लावली जाणार आहेत. अरवलीत झाडे लावणे चांगलेच आहे, ती जरूर लावावीत, पण त्यांना निकोबारच्या रानाची भरपाई म्हणू नये.

या बेटावर माणसेही राहतात, आणि त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारे लोक आहेत, तरी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. शोंपेन या आदिवासी लोकांची संख्या २०११ च्या जनगणनेत २२९ होती, आणि हे रान त्यांचे घर आहे. सुनामीने पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरची गावे गमावलेले निकोबारी लोक कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत राहून आपल्या मूळ जागी परत जाऊ देण्याची मागणी करत आले आहेत, आणि त्यांच्या आदिवासी परिषदेने जंगल वळते करण्यास दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली आहे. मागे घेतलेल्या संमतीवर उभा असलेला निर्णय पुन्हा तपासून पाहण्यात सरकारचा कमीपणा नाही.

प्रकल्पाला विरोध म्हणजे देशाच्या संरक्षणाला विरोध, असे उत्तर अनेकांना दिले गेले आहे, म्हणून तेही बोलून टाकते. मी सैनिकाची मुलगी आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीचे तोंड तिथून जवळ आहे, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी वडिलांनी वाळूत रेघा काढून शिकवले होते. त्या बेटावर नौदलाचा ‘आयएनएस बाज’ हा हवाई तळ २०१२ पासून आहे, आणि त्याला लागेल ते बळ देण्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण एकूण १६६ चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पात १४९ चौरस किलोमीटर हे नव्या नगरासाठी आहेत. आठ-साडेआठ हजार लोकवस्तीच्या बेटावर साडेतीन लाख माणसे आणून वसवण्याची ती योजना आहे. हॉटेले, घरे आणि बाजारपेठ म्हणजे संरक्षण नव्हे. आपल्या समितीने संरक्षणासाठी अत्यावश्यक असलेले क्षेत्र आणि व्यापारी नगर यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा होता.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी रद्द करण्यास नकार दिला, पण त्याच आदेशात काही मुद्द्यांच्या फेरतपासणीसाठी एक उच्चाधिकार समिती नेमली. त्या समितीचा संपूर्ण अहवाल सर्वसामान्य नागरिकाला वाचता येत नाही. बंदराच्या खोलीचे आकडे गोपनीय असतील तर ते झाकावेत. घुबडाच्या ढोल्यांत देशाचे कोणतेही गुपित नाही.

आता मी काय मागत आहे ते स्पष्ट लिहिते.

मंजुरीतील घुबडांविषयीच्या अटीतून ‘शक्य तितकी’ हे शब्द काढून टाकावेत. ज्या झाडावर प्रदेशनिष्ठ घुबडाची ढोली आढळेल ते झाड आणि त्याच्याभोवतीचे, पक्षिशास्त्रज्ञ ठरवतील तेवढे सलग रान तोडले जाणार नाही, मग नकाशा बदलावा लागला तरी चालेल, असे त्या जागी लिहावे. आज ज्या स्वरूपात अट आहे, त्यात ‘शक्य नव्हते’ असे एका ओळीत लिहून कोणताही अधिकारी मोकळा होऊ शकतो, आणि त्याला जबाबदार धरण्याची तरतूद नाही.

झाडे तोडण्याआधी, किमान दोन पूर्ण वर्षे, सर्व ऋतूंत, संपूर्ण बेटावर घुबडांचे रात्रीचे सर्वेक्षण व्हावे. प्रकल्पक्षेत्राबाहेरच्या रानातही ते व्हावे, नाहीतर प्रकल्पक्षेत्रात जे आहे ते इतरत्र आहे की नाही हे कळणार कसे? या कामात निकोबारी आणि शोंपेन लोकांचे ज्ञान त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्या अटींवर घेतले जावे. त्या लोकांना रात्रीचे आवाज ओळखण्यासाठी पुस्तक लागत नाही. सर्वेक्षणाचा कच्चा तपशील, म्हणजे कोणत्या रात्री कोण फिरले, किती तास, काय ऐकले, हे सगळे मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर ठेवावे. आणि ते प्रसिद्ध होऊन त्यावर स्वतंत्र शास्त्रज्ञांची मते येईपर्यंत सखल रानात एकही झाड पाडले जाऊ नये. ज्या बेटाच्या रानाला १९८९ पासून जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, तिथे दोन वर्षे थांबणे म्हणजे विकास अडवणे आहे, असे मला वाटत नाही. प्रकल्प तसाही तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने पुरा व्हायचा आहे.

उच्चाधिकार समितीचा अहवाल, सामरिक तपशील वगळून, प्रसिद्ध करावा. नगराच्या क्षेत्राचा फेरविचार करावा, आणि आदिवासी परिषदेच्या लेखी संमतीशिवाय ते काम पुढे जाऊ नये. आणि भरपाईच्या नावाखाली काही करायचेच असेल, तर सुनामीत गेलेले किनारी रान त्याच बेटांवर, तिथल्याच जातींची रोपे लावून, पुन्हा उभे करण्याचे काम हाती घ्यावे. ते काम अवघड आहे, पण त्याने निकोबारच्या रानाला निदान काही परत मिळेल.

समितीतील शास्त्रज्ञ सदस्यांना मला वेगळे लिहायचे आहे. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे रानात काढली असतील, आणि ढोलीपाशी श्वास रोखून उभे राहणे म्हणजे काय हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. घुबडाची ती अट आपल्यापैकीच कोणाच्या तरी आग्रहाने आत आली असावी, असे मी मानते, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. ज्यांनी ती आत आणली त्यांनीच ती पुरी करण्याचा आग्रह धरावा. ‘शक्य तितकी’ हे शब्द तडजोडीत आले असतील, तर ती तडजोड कोणत्या बैठकीत आणि कोणत्या कारणाने झाली, हे इतिवृत्तात नोंदवलेले असायला हवे.

या पत्राला पोच आल्याचे पत्र नको, आणि ‘योग्य ती दखल घेतली जाईल’ असे उत्तरही नको. अटीच्या दुरुस्तीचा आदेश निघाला तर तो मी स्वतः संकेतस्थळावरून उतरवून घेईन आणि वडिलांना वाचून दाखवीन. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येते, म्हणून मोठ्याने वाचावे लागेल. गेल्या आठवड्यात मी त्यांना या पत्राबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले : “आपली उंडी त्यांच्या यादीत आहे का?” लाटेतून ती वाचली की नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नाही. वाचली असेल तर ती शास्त्रीनगरच्या मागच्या चढावर, ओढ्याच्या डाव्या अंगाला आहे. आपल्या पथकाने तिथे रात्रीचे जावे, आणि बॅटरी अर्धी झाकून धरावी.

आपली विश्वासू,
ग्रेट निकोबारवर वाढलेली एका माजी सैनिकाची मुलगी
जिल्हा सातारा